चौकटीबाहेरचे स्टूल

रविवार, २ ऑक्टोबर १९८३

आजपासून ही वही. रेखाचित्राला जो नियम, तोच दैनंदिनीला लावायचे मी ठरवले आहे: समोरचे एका बैठकीत उतरवावे आणि मग त्यावर पुन्हा हात फिरवू नये. मागची पाने उलटून शब्द सुधारण्याचा मोह होऊ नये म्हणून लिहून झालेली पाने मी चित्रफलकाच्या चिमट्याने घट्ट आवळून ठेवणार आहे. विद्यार्थ्यांना मी रबर वापरू देत नाही. मग स्वतःला तरी ती सवलत का द्यावी?

निमित्त आनंदाचे आहे. शाळेतल्या मुलांकडून पेला, फुलदाणी आणि मातीचे केळे काढून घेता घेता मी थकलो होतो. सबंध वसई डोळ्यांसमोर असताना फुलदाणी कशाला? म्हणून दर रविवारी परिसरातल्या एखाद्या जागी बसून प्रत्यक्ष दृश्य रेखाटणारे एक मंडळ काढले. आज पापडीच्या तलावाकाठी पहिली बैठक झाली. आम्ही चौघे होतो: मी, पापडीच्याच प्राथमिक शाळेतली तरुण शिक्षिका रिटा, तुळिंजहून सायकलने आलेला शंकर, जो एका कचेरीत कारकून आहे, आणि गोदीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन आता केळीची बाग सांभाळणारे सिप्रियन. रिटा आणि सिप्रियन चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आले. सुभद्राही होती. माझी पत्नी चित्र काढत नाही; फ्लास्क, कप आणि पोह्यांचा डबा सांभाळते; म्हणून तिला चौघांत धरले नाही.

बसायला घडीची स्टुले मी स्वतः तयार केली आहेत, खाटेच्या जाड कापडाची. सुभद्रेने आपल्या स्टुलाला मात्र जुन्या पडद्याचे फुलाफुलांचे कापड लावून घेतले. त्यामुळे संचाची एकरूपता बिघडली, पण असो.

काम संपल्यावर सर्व चित्रे जमिनीवर ओळीने मांडायची, कोपऱ्यांवर खडे ठेवायचे आणि मग चर्चा, अशी पद्धत मी घालून दिली. रिटाची रेघ नाजूक आहे, शंकरची घाबरट. सिप्रियनचे चित्र पाहून मात्र मी स्तब्ध झालो. तलाव होता, चर्चचा मनोरा होता. पण शिवाय विजेचे खांब, तारा, तारांवरचे कावळे, वाळत घातलेले कपडे, कोणाची तरी टेकून ठेवलेली सायकल, आणि डाव्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेली सुभद्रा, मांडीवर फ्लास्क.

"सिप्रियनभाऊ, माझ्यापेक्षा कावळे बरे आलेत," सुभद्रा म्हणाली.

"कावळा एका जागी बसतो, वहिनी. तुम्ही सारख्या पोहे वाढायला उठता."

पुढच्या वेळी वगळण्याची कला शिकवली पाहिजे.

रविवार, ९ ऑक्टोबर

तांगा स्टँड. आज प्रत्येकाला मी एकेक चौकट दिली: जाड पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापलेली. ती डोळ्यांसमोर धरायची, पुढे-मागे करायची आणि दृश्याचा जो तुकडा समाधान देईल तेवढाच उचलायचा. डोळा सर्व काही पाहतो, चित्रकार निवडतो. या एका वाक्यात माझे सारे शिक्षण सामावले आहे. सोपे नियमही सांगितले. खांब आणि तारा वगळाव्यात. हलणारे प्राणी वगळावेत. आणि आपल्या मंडळातली माणसे चौकटीत येऊ देऊ नयेत. ती आली की दृश्याचे गांभीर्य जाऊन सहलीचा फोटो होतो.

रिटाने आणि शंकरने हे चटकन आत्मसात केले. सिप्रियन चौकट गुडघ्यावर ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहत होते.

"कोणाला वगळू, सर? सगळी ओळखीची आहेत."

"तांग्यामागचे ते फुटके पिंपसुद्धा?"

"त्याच्यावर बसून मी बिडी ओढतो."

सगळे हसले. मांडणीत त्यांच्या चित्रात पिंप होते, घोड्यांची लीद होती आणि सुभद्राही होती. मी म्हणालो, "सिप्रियन, हे चित्र नव्हे, पंचनामा झाला." पुन्हा सगळे हसले, क्षणभराने तेही हसले. मग त्यांनी आपल्या चित्रावरचे खडे एकेक करून उचलले, कागदाची गुंडाळी केली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"तुमचंच बरोबर असेल, सर. पण मला ते जमणार नाही. वाटतं, ज्याला आपण काढलं नाही तो तिथंच ताटकळत उभा आहे. मी आपला घरीच काढीन."

कलेत भावविवशता फार घातक.

रविवार, १६ ऑक्टोबर

सिप्रियन आले नाहीत. आम्ही सॅन्टन यांच्या बागेतल्या बावखलावर बसलो. बागेला पाणी पुरवणारी ही गोड्या पाण्याची तळी इकडे बहुतेक वाड्यांत असतात; सॅन्टनचे बावखल विशेष देखणे, कारण माडांची प्रतिबिंबे त्यात अगदी सरळ उतरतात. प्रतिबिंबाचे नियम समजावण्यात सकाळ कशी गेली ते कळले नाही.

काठावरच एक हिरवा हातपंप आहे, दांडा करकरणारा, फार बेढब. तो तिघांनीही वगळला. सुभद्रेने त्याच पंपावर फ्लास्क धुतला आणि समोरच्या काठावर जाऊन बसली, ती नेमकी दृश्याच्या मध्यावर. शंकरने तिला काढायला घेतलेच होते. मी त्याला नवा कागद घ्यायला लावले.

"सॉरी हां काकू," तो ओरडला, "सरांनी तुम्हाला कट केलं."

"त्यांनी मला लग्नात पण घाबरत घाबरतच बघितलं होतं," ती तिकडून म्हणाली. रिटा किती वेळ हसत होती.

मांडणी उत्तम झाली. तीन चित्रे, तिन्ही स्वच्छ. सिप्रियन नसल्याने एक प्रकारची शिस्त आली आहे, हे मान्य करावे लागेल.

रविवार, २३ ऑक्टोबर

आज एक चमत्कारिक गोष्ट घडली. ती तिच्या क्रमाने नोंदवतो.

त्याच जागी वेगळ्या प्रहरी बसून छायाप्रकाशातला फरक अभ्यासावा म्हणून आम्ही दुपारी पुन्हा सॅन्टनच्या बागेत गेलो. पंप नव्हता. उखडल्याची खूणही नव्हती. तिथे अळू माजले होते, आणि ते आठवडाभरात उगवलेले नव्हते. मी सॅन्टनना विचारले.

"पंप? आमच्याकडे? अहो सर, पणजोबांपासून आम्ही रहाटाचं पाणी घेतो. पंपाला पैसे कोण देतो?"

रिटा आणि शंकर एकमेकांकडे पाहू लागले. रिटाला अंधुक काहीतरी आठवत होते. शंकरला तेही नाही. मग मी शांतपणे विचार केला. गेल्या रविवारची तिन्ही चित्रे पिशवीत होती. ती काढून पाहिली. एकातही पंप नाही. प्रशिक्षित डोळ्यांच्या तीन माणसांनी समोर बसून काढलेल्या चित्रांत जी वस्तू नाही, ती तिथे होती असे कोणत्या आधारावर म्हणावे? स्मरणशक्तीपेक्षा कागद अधिक विश्वासार्ह. हे मी मंडळींना समजावले आणि त्यांना पटले.

सुभद्रेला पटले नाही. "मी फ्लास्क कुठे धुतला मग?" एवढेच तिने विचारले. मग आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "सिप्रियनभाऊंना परत बोलवा."

रविवार, ६ नोव्हेंबर

दिवाळीमुळे मध्ये खंड पडला. आज नायगावच्या मिठागरांवर गेलो. आगरांत खाडीचे पाणी नुकतेच घेतले आहे. त्या चौकोनी आरशांतून यथार्थदर्शन शिकवण्यासारखे दुसरे स्थळ नाही. बांध एकमेकांकडे सरकत जातात आणि क्षितिजरेषेवर एका बिंदूत नाहीसे होतात. वस्तुतः ते नाहीसे होत नाहीत. आपण जिथे बसलो आहोत तिथून ते तसे दिसतात. या भेदावर मी बराच वेळ बोललो.

मिठागरावरची एक बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "मास्तर, आमाला पन काढा की. नुसतं पानी काय काढता?"

तिचा कुत्रा, पिवळसर, एका कानाचा तुकडा पडलेला, नाव टिप्या, थेट जाऊन सुभद्रेच्या पायांवर बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. सुभद्रेने त्याला पोहे घातले. हलणारे प्राणी वगळावेत हा नियम असल्याने तो कोणी काढला नाही. सुभद्रा मात्र म्हणाली, "हलत कुठंय तो? बघा ना, किती गप बसलाय." पुढच्या खेपेला त्याच्यासाठी भाकरी आणायचे तिने बाईला कबूल केले.

जानेवारीत प्रदर्शन भरवावे असे मनात आहे. वसईच्या मंडळींनी आपले गाव असे स्वच्छ, निवडक रूपात कधी पाहिले नसेल.

रविवार, २० नोव्हेंबर

पुन्हा मिठागरे. काम चांगले झाले. पाणी आटू लागल्याने बांधांच्या छाया अधिक स्पष्ट पडल्या होत्या.

सुभद्रेने फडक्यात बांधून एक भाकरी आणली होती. ती कोणासाठी, हे मला समजले नाही. ती बराच वेळ बांधावरून "टिप्या, टिप्या" अशा हाका मारत फिरली.

"कोनाला बोलवता, बाई?" मिठागरावरच्या बाईने विचारले.

"तुमच्या कुत्र्याला."

"आमाला कुठला कुत्रा?"

सुभद्रा बांधावरच बसली. तिला ऊन लागले असावे. परतताना ती माझ्या शेजारून चालत होती; एकाएकी तिने माझी बाही धरली.

"अहो, मला काढा. आजच काढा."

"तुला? कशाला?"

"पंप गेला. कुत्रा गेला. तुम्ही तिघं जे सोडता ते जातं. मी दर रविवारी तुमच्या समोर बसते आणि दर रविवारी तुम्ही मला सोडता."

मी तिला टप्प्याटप्प्याने समजावले. पंप आणि कुत्रा ही दोन्ही उदाहरणे बाद होतात, कारण ती अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही. आणि उदाहरणेच नसतील तर नियम कसा सिद्ध होईल? ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमचं शिकवणं फार छान असतं हो. पण मला भीती वाटते."

प्रदर्शन झाले की सावकाश तिचे एक व्यक्तिचित्र करीन, असे मी वचन दिले.

रविवार, २७ नोव्हेंबर

किल्ल्याच्या दरवाजापाशी बैठक. एक गंमत झाली. रिटा उन्हातून उठून सावलीत आली आणि फुलाफुलांच्या स्टुलावर बसायला वाकली.

"अगं, अगं, मी आहे!" सुभद्रा ओरडली.

रिटा किंचाळून मागे सरली. "काकू! देवा रे, तुम्ही कधी आलात?"

"सकाळी, तुझ्याच सोबत. तांग्यात तुझ्या शेजारी बसले होते."

रिटा ओशाळली. पण नंतर चहा देताना तिने कप तीनच भरले, आणि सुभद्रेने आपला स्वतः भरून घेतला.

मंगळवार, ६ डिसेंबर

दूधवाला दोन दिवस निम्मेच दूध घालतो आहे. सुभद्रेने दारात त्याला चांगले फैलावर घेतले, तो मात्र तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत, "मास्तर, एकट्याला पुरतं ना एवढं?" असे विचारत राहिला. अलीकडच्या मुलांत बोलण्याची रीतच उरलेली नाही.

सुभद्रा बारीक झाली आहे का? दुपारच्या उजेडात तिच्या कडा मला जरा फिक्या वाटल्या. डोळे तपासून घ्यायला हवेत.

रविवार, ११ डिसेंबर

आज बैठक रद्द केली आणि सुभद्रेचा हट्ट पुरवला. मला स्वतःलाही बरे वाटले.

दक्षिणेच्या खिडकीपुढे तिने आपले स्टूल मांडले. अंगावर लग्नातली अंजिरी साडी. मी फलक बसवला आणि पद्धतीप्रमाणे दुरून जवळ यायला सुरुवात केली: आधी बाहेरचे माड, मग शेजाऱ्यांचे कौलारू छप्पर, मग खिडकीचे गज, मग झडपा, आणि सर्वांत शेवटी जवळची आकृती. हा क्रम मोडला तर अंतराची जाणीव निर्माण होत नाही.

"अहो, आधी मला काढा," ती म्हणाली. "खिडकी कुठे पळून जाणार आहे?"

"पद्धत म्हणजे पद्धत, सुभद्रे."

ती किती स्थिर बसली होती! पोहे झाकून ठेवले होते, तरी उठली नाही. गजांवरून घसरणारा उजेड इतका सुंदर होता की मी त्यातच रमलो. डिसेंबरचा दिवस लहान. उजवी झडप व्हायच्या आतच प्रकाश उतरला आणि मला थांबावे लागले. तिची जागा तेवढी कोरी राहिली आहे. खांदे, मान आणि अंबाडा यांच्या कडेपर्यंत मागची खिडकी अचूक आणून सोडली आहे. आता आत काय भरायचे, यात काही अवघड नाही. पुढच्या रविवारी त्याच प्रकाशात पूर्ण करू.

ती उठून कागदासमोर उभी राहिली आणि त्या कोऱ्या जागेवर तिने तळहात ठेवला.

"मापात बसते मी," ती म्हणाली.

बुधवार, १४ डिसेंबर

दुपारी जेवताना सुभद्रा काहीतरी बोलत होती, हे मला ती बोलायची थांबल्यावर लक्षात आले. मी "काय म्हणालीस?" विचारले. ती हसली. म्हणाली, "काही नाही. ते स्टूल फलकापाशी आहे तिथंच राहू द्या. त्याची घडी घालू नका. एवढं करा."

मी हो म्हणालो.

रविवार, १८ डिसेंबर

आज बैठक नव्हती. नाताळच्या तयारीमुळे रिटाला सवड नाही. सकाळी चहा केला आणि पाहतो तर दोन कप काढून ठेवलेले. विसराळूपणा वाढत चालला आहे. एकट्याने राहणाऱ्या माणसाने घरात नियम अधिक कसोशीने पाळले पाहिजेत.

फलकावर खिडकीचा एक अपुरा अभ्यास लावलेला आहे. गज चांगले उतरले आहेत. मध्ये एवढी मोठी जागा कोरी का सोडली असावी, याचा विचार करत होतो.

रविवार, २५ डिसेंबर

रिटाच्या घरी नाताळचे जेवण. तिच्या आईने, बेटीबाईंनी, फार आग्रह केला. "सर, तुम्ही एकटे, तुमच्या घरी सणाचं कोण करणार?" निघताना त्यांनी केकचे दोन पुडे बांधले, माझ्या हाती देताना थबकल्या, दुसऱ्या पुड्याकडे पाहत राहिल्या आणि तो परत ठेवून दिला. "दोन कशाला बांधले मी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. का, ते त्यांनाही सांगता आले नाही.

घरी कपाटात एक अंजिरी साडी सापडली. घरमालकांच्या सामानातली राहून गेली असावी. त्यांना कळवले पाहिजे. फलकापाशी फुलाफुलांच्या कापडाचे एक जास्तीचे स्टूल उघडेच पडलेले असते. आज त्याची घडी घालायला गेलो. हात लावला आणि, का कोण जाणे, तसेच ठेवले.

रात्री जेवण जात नाही. वैद्यकीय कारण असावे.

रविवार, ८ जानेवारी १९८४

प्रदर्शनासाठी चित्रे निवडताना शंकर म्हणाला, "सर, सगळी मस्त आहेत, पण कशी रिकामी रिकामी वाटतात. सगळे लोक गाव सोडून गेल्यासारखी." नवशिक्याला साधेपणा पेलत नाही. तरीही विरोधाभास दाखवण्यासाठी सिप्रियनचे एखादे चित्र ठेवावे असा विचार करून मी त्यांच्या बागेत गेलो.

ते ओटीवर चित्र काढत बसले होते. केळीचे लोंगर, त्यावरच्या मुंग्यासुद्धा.

"या सर! पंचनामा तपासायला आलात?"

मनात काही न ठेवणारा माणूस. त्यांनी ट्रंकेतून आपली सारी चित्रे काढून चटईवर पसरली. पापडीच्या तलावाचे चित्र मी उचलले. खांब, तारा, कावळे, सायकल. डाव्या कोपऱ्यात स्टुलावर एक स्त्री बसली होती, मांडीवर फ्लास्क.

"हे ठीक आहे," मी म्हणालो. "फक्त ही आकृती तोल बिघडवते. ही कोण? वाटेने जाणारी कोणी होती का?"

सिप्रियन हसले. मग माझ्याकडे पाहून त्यांचे हसू मावळले.

"सर, असली थट्टा करू नये."

"थट्टा कसली?"

"वहिनी कुठं आहेत?"

"कोणाच्या वहिनी?"

ते उठले. ओटीच्या कडेला जाऊन त्यांनी वाटेकडे पाहिले, जणू माझ्यामागून कोणी यायचे राहिले होते. मग परत येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले आणि लहान मुलाला विचारावे तसे त्यांनी मला विचारले, "सर, त्या दिवशी पोहे कोणी केले होते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले. पोह्यांची चव जिभेवर आली: लिंबू, आणि थोडे अधिकच भाजलेले शेंगदाणे. पण त्या चवीमागे कोणी नव्हते. तिथे एक कड होती, आणि कडेच्या आत काही नव्हते.

सिप्रियनने चित्राची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "घरी न्या. प्रदर्शनात नको. आणि तुमच्या त्या पुठ्ठ्यातून बघू नका याच्याकडे."

सोमवार, ९ जानेवारी

शाळेत रजा कळवली. प्रदर्शन पुढे ढकलले. आज जे केले ते क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर माझ्या हाती काही राहणार नाही.

सिप्रियनचे चित्र फलकावरच्या अपुऱ्या चित्राशेजारी लावले. त्यांची आकृती बोटाएवढी आहे, कावळ्यांहून फार मोठी नाही. परंतु खांद्यांचा उतार आणि मानेचा किंचित डावीकडे असलेला कल मी मापून पाहिला. माझ्या कोऱ्या जागेची कड तीच आहे. मी निष्काळजी माणूस नाही. जी जागा मी इतक्या काळजीने कोरी राखली, ती कोणासाठी तरी राखली असणार.

चिमटा काढून या वहीची मागची पाने वाचावीत, असे मनात आले. चिमट्याला हात लावला आणि मागे घेतला. वाचले तर मला माहीत होईल, दिसणार नाही. आणि काढता येते ते फक्त दिसलेले.

म्हणून मी स्टुलासमोर बसलो. फुलाफुलांचे कापड अगदी ताठ होते. दुपारपर्यंत काहीच दिसले नाही. मग आयुष्यात प्रथमच मी पद्धत मोडली. जवळून सुरुवात केली, आणि तीही चेहऱ्यापासून नव्हे. चेहरा मला येत नाही. मांडीवर ठेवलेल्या हातांपासून. सिप्रियनच्या चित्रात हात म्हणजे दोन रेघा आहेत. मी बोटे काढली. ती आपोआप उतरत गेली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पेन्सिल थांबली आणि तिने एक लहानसा लांबट डाग काढला, तव्याला चिकटून भाजल्यासारखा.

हा डाग सिप्रियनच्या चित्रात नाही. तो मी कुठून आणला?

मी त्या डागाकडे किती वेळ पाहत होतो, सांगता येणार नाही. डोळे पुसावे लागले. मग मनगट झाले. बांगड्या झाल्या, काचेच्या, त्यातली एक पिचलेली. कोपर. अंजिरी पदराची किनार, जी मी कपाटात पाहिली होती, परंतु घातल्यावर ती कोपराशी कशी दुमडते हे कपाटात दिसत नाही. ते मला ठाऊक होते.

आता प्रकाश उतरू लागला आहे. खिडकीची उजवी झडप अजून राहिली आहे. राहू दे. खिडकी कुठे पळून जाणार आहे?

नाव अजून आठवत नाही. मी घाई करणार नाही. उद्या खांदा आणि मान, परवा अंबाडा. आणि जे जे दिसेल ते सर्व, काहीही न वगळता.

हे लिहिता लिहिता मघाशी सहज मान वर केली. स्टूल रिकामे आहे. पण सकाळी ताठ असलेल्या त्याच्या कापडाला मधोमध झोळ पडला आहे, कोणीतरी बसावे तसा.

मी तो झोळ कागदावर उतरवला.